मंडईत विकलेलं घर

आमच्या गावात कुणाकडे पैसा कधी आला हे मला ब्लाउजच्या कापडावरून कळायचं. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीकडच्या त्या गावात मी तेवीस वर्षं शिलाई मशीन चालवलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया जुनंच ब्लाउज काखेत सैल करून मागायच्या आणि पैसे मागाहून देते म्हणायच्या. उन्हाळ्यात मोहफुलाचा, तेंदूपत्त्याचा पैसा हाती आला की पोरींच्या ड्रेसची कापडं यायची, पण त्या पैशात कुणी घर घेत नसतं. खरा पैसा दिवाळीनंतर, हलका, लवकर येणारा धान निघाल्यावर. तेव्हा एकेका बाईची तीन-तीन कापडं यायची, आणि सगळ्या जणी एकच मुदत सांगायच्या. मंडईच्या आत पाहिजे.

मंडई म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला भाजीबाजार आठवतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावची मंडई असते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. पाळणे येतात, जिलबी-भज्यांची दुकानं लागतात, नाटकाचा मांडव पडतो, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पाहुणे येतात. लेकी-जावई, कोळशाच्या खाणीत नाहीतर पोलिसांत लागलेली पोरं, त्यांचे सासरचे, सासरच्यांचेही सोयरे. निमंत्रण कुणी देत नाही आणि कुणी त्याची वाटही पाहत नाही. लग्नं जमतात ती मंडईत, सौदे बोलले जातात तेही मंडईत, कारण वर्षातून त्या एकाच दिवशी गावात गावाबाहेरचा पैसा आणि गावाबाहेरची माणसं एकदम असतात. म्हणून घर विकायचं ठरलं तेव्हा मी मनाशी गाठ मारली, विकायचं तर मंडईला. या शहाणपणाचं मला त्या वेळी कौतुकच वाटत होतं.

विकायचं कारण माझी मुलगी. एकच मूल. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि तिला सिकलसेल आहे. शाळेत तपासणी झाली तेव्हा नऊ वर्षांची पोर घरी कार्ड घेऊन आली आणि बक्षीस मिळाल्यासारखी ते मला दाखवत होती. मला आणि तिच्या बाबांना, दोघांनाही तो दोष थोडा थोडा रक्तात होता, आम्हाला त्रास काही नव्हता, पण दोघांकडून येऊन तो तिच्यात पुरा उतरला. आम्ही बौद्ध. लग्नाच्या वेळी आम्ही पत्रिका बघत नाही, याचा आम्हाला अभिमान. रक्त बघायचं असतं हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचे बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. गावात आम्ही सांगत आलो होतो की पोरीच्या अंगात रक्त कमी आहे. भावकीला खरं माहीत होतं, पण भावकीतल्या सगळ्यांच्याच पोरापोरींची लग्नं व्हायची होती, त्यामुळे सगळेच मूग गिळून बसले. दुखणं आलं की हाडांत कुणी खिळे ठोकतंय असं तिला होतं. ती ओरडत नाही. ओढणीचं टोक दातांत धरते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. मी तिची आई असून मला तिच्या पाठीवरूनच ओळखायला लागायचं की आता कितपत दुखतंय.

त्या वर्षी श्रावणात दुखणं आलं आणि नेमकं पुलावरून पाणी गेलं. एक रात्र आणि एक दिवस आम्ही गावातच अडकलो. पाणी उतरल्यावर ट्रॅक्टरमध्ये गादी टाकून तिला रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून जीपने चंद्रपूरला. डॉक्टर तरुण होते, पण चिडले म्हाताऱ्या माणसासारखे. म्हणाले, इतक्या लांबून आणायची आहे तर पुढल्या वेळी आणून उपयोग होईलच असं नाही. थंडीत दुखणं जास्त येतं. थंडीच्या आत हिला दवाखान्याजवळ आणा. मी मान डोलावली. घराच्या ओसरीत जीव अडकलेल्या माझ्यासारख्या बाईला 'आणा' म्हणजे काय हे त्यांनी कशाला सांगायचं. घर विका आणि या.

चंद्रपुरात, दवाखान्याच्या मागच्या वस्तीत, एक दोन खोल्यांचं पत्र्याचं घर विकाऊ होतं. मालक म्हातारे होते, नवीन वर्षापर्यंत थांबतो म्हणाले. आता प्रश्न आमच्या घराचा. घर चांगलं होतं, पक्क्या विटांचं, मागे विहीर आणि भाजीपाल्याची सांदवाडी. पण ते होतं बौद्ध मोहल्ल्यात. गावात तीनशे घरं असली तरी आमच्या मोहल्ल्यात घर घ्यायला बाकीच्यांपैकी कुणी येणार नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही इतकंच. आमच्यातले म्हणाल तर ज्यांच्याकडे पैसा आहे ते गाव सोडून गेलेले आणि जे गावात आहेत त्यांच्याकडे पैसा नाही. असं मोजून आमच्या घराला गिऱ्हाईक एकच उरलं. शेजारी राहणारा माझा धाकटा दीर.

दवाखान्यातून आलो त्याच आठवड्यात तो ओसरीवर येऊन बसला. "वहिनी, घर मलेच द्या," तो म्हणाला. "मधली भिंत पाडतो, झालं. बाहेरचा कायले पाह्यजे?" आणि त्याने एक आकडा सांगितला. त्या आकड्यात चंद्रपूरचं घर तर सोडा, त्याची एक खोलीसुद्धा आली नसती. मी म्हटलं, भाऊजी, पोरीसाठी विकून राह्यली मी, काही तरी पाहा. तो मान खाली घालून म्हणाला, "मलेबी माहीत हाय कायच्यासाठी इकून राह्यल्या तुमी. म्हणूनच तं म्हणतो, लवकर मोकळ्या व्हा." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पण माझ्या डोक्यात त्याच क्षणी एक गोष्ट पक्की झाली. ज्याला माझी गरज ठाऊक आहे तो मला भाव देणार नाही. मग ज्याला ठाऊक नाही असाच माणूस शोधायचा. आणि असा माणूस गावात येतो मंडईला.

मंडईला अजून अडीच महिने होते. पोटच्या पोरीला मी त्या अडीच महिन्यांसाठी पणाला लावलं. आता हे साधं वाक्य लिहिते आहे, पण त्या वेळी मी याला हिशेबीपणा म्हणत होते.

आश्विनात पुन्हा दुखणं आलं. दसऱ्याच्या आधी, दुपारी. दीर धावत आला आणि म्हणाला एकशे आठला फोन लावतो. मी त्याच्या हातातला मोबाइल धरला. गाडी दारात आली असती तर अख्खा मोहल्ला गोळा झाला असता, अवघ्या तालुक्यात गेलं असतं की हिच्या पोरीला मोठा आजार आहे म्हणून ही घर काढते आहे. मंडईला आलेला पाहुणा पहिल्यांदा हेच ऐकणार. मी म्हटलं, थांबा भाऊजी, उतरेल. तिला गोळ्या दिल्या, गरम पाण्याची पिशवी दिली, तांब्या तांब्या पाणी पाजलं. दिवस मावळल्यावर तर प्रश्नच मिटला, कारण त्या हंगामात दोन गावांपलीकडे वाघाने बाई नेली होती आणि अंधारात जंगलातून गाडी काढायला कुणी तयार नव्हतं. पहाटे मी तिच्या तोंडाला पावडर लावली, केस विंचरून दिले आणि पहिल्या एसटीने, बाजाराला निघाल्यासारखं, तिला चंद्रपूरला नेलं. बसमध्ये ओळखीच्या बाईने विचारलं, कुठे निघाल्या मायलेकी? मी म्हटलं, मंडईची कापडं आणायला. माझ्या पोरीने त्या बाईकडे पाहून हसून दाखवलं. मला आता वाटतं, तिथूनच तिला त्या हसण्याची सवय मी लावली.

मंडईच्या आधी मी घराला चुना मारला, दाराला निळा रंग दिला, सांदवाडीतली वाळकी वेल काढून टाकली. घर विकायचं आहे असं कुणी उघड बोलत नाही आमच्याकडे. तसं बोललं की माणूस बुडाला असं समजतात. मी मापं घेता घेता दोन-चार जणींच्या कानावर घातलं की पोरीला पुढं शिकवायचं आहे, चंद्रपूरला राहायचा विचार आहे, चांगलं गिऱ्हाईक आलं तर पाहू. एवढं पुरतं. ब्लाउज शिवून घरी जाण्याआधी बातमी घरी जाते.

मंडईच्या दिवशी दुपारी ते आले. घुग्घुसच्या खाणीत नोकरीला असलेले, आमच्यातलेच एक गृहस्थ आणि त्यांची बायको. बायकोचं माहेर आमचंच गाव, म्हणजे नात्याने ती गावाची लेक आणि मी गावाची सून. ती मला वहिनी म्हणायची, मी तिला बाई. सोबत मुलगा होता, आयटीआय झालेला, सिमेंटच्या कारखान्यात लागलेला, आईच्या मागे मागे चालणारा सरळ पोरगा. गृहस्थ पुढच्या महिन्यात रिटायर होणार होते. "धुळीत जिंदगी गेली," ते म्हणाले. "आता बाईच्या माहेरी झाडाखाली बसाचं म्हणतो." मी आयते काढले, सोबत कोंबडीचा रस्सा. तांदळाचे पातळ आयते त्यांनी मोजायचं सोडून दिलं तेव्हा मला बरं वाटलं. भरल्या पोटी माणूस भिंतीच्या भेगा कमी पाहतो.

माझी पोर त्या दिवशी छान होती. आठ दिवसांपूर्वीच रक्त चढवलेलं, त्यामुळे चेहऱ्यावर कळा होती. मी शिवलेला मोरपंखी ड्रेस तिने घातला होता. तिने चहा दिला, विहीर दाखवली, रहाट कसा अडकतो आणि कसा सोडवायचा ते मुलाला करून दाखवलं. मुलाच्या हातून बादली विहिरीत पडली आणि ती खळखळून हसली. त्या हसण्याकडे बाई पाहत होत्या. मी भिंतीकडे पाहत होते, कारण ओल आलेल्या जागेवर चुना जरा फिका पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौदा झाला. मी मनात धरला होता त्याच भावात. दीर ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होता, पाहुणे गेल्यावर म्हणाला, "जमवलंत बरं वहिनी तुमी." विसार हातात आला. रजिस्ट्री दोन आठवड्यांनी, सोमवारची, तालुक्याला. मी ग्रामपंचायतीतून घराचा उतारा, नमुना आठ, काढून आणला आणि त्या दिवशी, पाच वर्षांत पहिल्यांदा, दुपारची झोपले.

चौथ्या दिवशी बाई एकट्याच आल्या. एसटीने, हातात पिशवी घेऊन. पिशवीत पेढे होते आणि एक साडी, तिच्यासोबत ब्लाउजचं कापड. चहा झाला आणि त्या म्हणाल्या, "वहिनी, घर पाहाले आलो होतो, पण खरं सांगू का, आमाले तुमची पोरगी आवडली. पोराच्याबी मनात हाय. तो बोलत नाई, पण विहिरीतली बादली सपनात काढून राह्यला." आणि त्या मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "घर तं आमचंच होऊन राह्यलं. पोरीले तं आपल्याच घरात याचं हाय."

मला ते आधी सुचायला हवं होतं. मंडईला दारात आलेला पाहुणा, घरात वीस वर्षांची पोर, बरोबर लग्नाचा मुलगा. इथे लहान लेकरालाही कळतं यातून काय निघतं. मी तेवीस वर्षं मंडईचे ब्लाउज शिवले, कुठल्या पोरीचं कापड कुणासाठी आहे हे मला सुईच्या आधी कळायचं, आणि माझ्याच घरात मी फक्त घर दाखवायला काढलं होतं. पोर नीटनेटकी दिसावी, हसावी, बाहेर यावी जावी, म्हणजे आजाराचा वास येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती इतकी छान दिसली की कुणी तिला मागेल, हे मी आई असून माझ्या मनाला शिवलं नाही.

आता सांगायचं तर तीन शब्दांचं काम होतं. बाई, पोरीला सिकलसेल आहे. शब्द जिभेवर आले आणि मला दिसायला लागलं पुढचं सगळं. या उठणार, घुग्घुसला जाऊन नवऱ्याला सांगणार, नवरा म्हणणार यांनी लपवलं, मग घरातही काही लपवलं असेल. नाहीतर म्हणणार, गरज आहे तर भाव खाली करा. थंडी पडायला लागली होती. सकाळी पोरीच्या अंगावर दोन चादरी टाकाव्या लागत होत्या. मी म्हटलं, "पाहू बाई. आधी रजिस्ट्रीचं होऊन जाऊ द्या. एका वेळी एक काम."

बाईंनी ते होकार म्हणून घेतलं. त्या तसं घेणार हे मला बोलायच्या आधी ठाऊक होतं. त्यांनी उठून माझ्या पोरीला आतून बोलावलं, तिच्या हातावर पेढा ठेवला आणि गालावरून हात फिरवला.

पोरीने दाराआडून सगळं ऐकलं होतं. मी काही बोलले नाही, तिने काही विचारलं नाही. पण त्या दुपारपासून ती गुणगुणायला लागली. बाईंनी आणलेलं कापड तिने मला शिवू दिलं नाही, स्वतः मापं घेतली, स्वतः कापलं, आणि गळा दोनदा उसवून तिसऱ्यांदा मनासारखा केला. माझ्या मोबाइलवर त्या मुलाचा फोन आला तर ती मोबाइल घेऊन सांदवाडीत जायची आणि परत आली की उगाच भांडी घासायला बसायची. मी पाहत होते आणि मला वाटत होतं, पोर समजूतदार आहे, आईचा डाव ओळखून साथ देते आहे. चार दिवस मी असं समजत होते. मला स्वतःची चीड येते ती या चार दिवसांची.

चौथ्या दिवशी ती बटणं लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आई, त्याचंबी रक्त तपासा लागीन ना? डॉक्टर म्हणत होते, दोघाचंबी पाहा लागते. त्याच्यात नसन तं लेकराले एवढा तरास होत नाई." आणि मग, जरा लाजून, "त्याह्यनं कार्ड पाह्यलं तवा काय म्हणे? बाई काहीच नाई म्हणे?"

माझे हात थांबले. तिला वाटत होतं की मी त्यांना सांगितलं आहे. आजार कळूनही त्या माणसांनी तिला मागितलं, असं धरून ती चार दिवस त्या घरात फिरत होती. नऊ वर्षांची असल्यापासून तिने ऐकलं होतं की तुझं लग्न व्हायचं नाही, आणि आता तिला वाटत होतं की कुणीतरी कार्ड पाहिलं, वाचलं, आणि तरी पेढा हातावर ठेवला.

मी म्हटलं, "बाळ, त्यांना ठाऊक नाही."

ती सुई कापडात टोचून थांबली. रडेल असं मला वाटलं, ओरडेल असं वाटलं. तिने बटण ओढून पक्कं बसलं का पाहिलं. मग विचारलं, "रजिस्ट्री कवा हाय?"

"सोमवारी."

"म्हणजे आठ दिवस." तिने दोरा दातांनी तोडला. "मंग सोमवारपर्यंत नको सांगू. घर होऊन जाऊ दे. मी हासत राहीन."

मी नाही म्हणायला हवं होतं. आईने म्हणायचं ते एवढंच असतं. तेव्हाच बाईंना फोन लावायला हवा होता. मी फक्त "बरं" म्हटलं आणि मशीनवर बसले.

तिने शब्द पाळला. मधल्या गुरुवारी बाई आणि गृहस्थ पुन्हा आले, कुठे कपाट ठेवायचं, कुठे पलंग, ते ठरवायला. ती पुढे पुढे होऊन दाखवत होती. बाई म्हणाल्या ही खोली तुमची दोघांची, आणि ती हसली. मुलाचा फोन आला की सांदवाडीत जायची आणि तिथून तिच्या हसण्याचा आवाज घरात यायचा. फोन ठेवल्यावर ती तिथेच विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहायची. मी दारातून पाहायचे आणि आत यायचे. त्या आठ दिवसांत मी तिच्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नाही, आणि ताप तर नाही ना म्हणून रात्रीतून पाच वेळा तिच्या कपाळावर हात ठेवायचे. देव मानत असते तर नवस बोलले असते. मी फक्त मोजत होते, शनिवार, रविवार, सोमवार.

सोमवारी तालुक्याच्या ऑफिसात माझा फोटो निघाला, अंगठा झाला, सह्या झाल्या. बाहेर पडल्यावर बाईंनी पिशवीतून बांगड्या काढल्या आणि तिथेच, लिंबाच्या झाडाखाली, माझ्या पोरीच्या हातात भरल्या. तिचे हात बारीक आहेत, बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. बाई म्हणाल्या, "अंगानं भरली का बसतीन बराबर." पोर हसली. ते तिचं शेवटचं ठरलेलं हसणं होतं आणि ते तिने सगळ्यांत छान केलं.

आठवड्याच्या आत आम्ही चंद्रपूरला आलो. तिथे आल्याच्या चौथ्या दिवशी तिने स्वतः बाईंना फोन लावला. मी लावते म्हटलं तर म्हणाली, तू राहू दे. तिने सगळं सांगितलं, कार्डाचा फोटो पाठवला, बांगड्या कुरिअरने पाठवते म्हणाली. पलीकडून काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही. त्यानंतर तिकडून फोन आला नाही. गावाकडून दीर एकदा म्हणाला, ती माणसं राहायला आली, बाई कुणाशी जास्त बोलत नाही. मी गावात जायचं बंद केलं. माझं स्वतःचं घर मी पाहिजे त्या भावात विकलं होतं, आणि त्याच्यासमोरून चालायची माझी हिंमत नव्हती.

पौषात कडाक्याची थंडी पडली आणि दुखणं आलं. या वेळी रिक्षाने दहा मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. लगेच सलाइन लागलं, रक्ताची पिशवी मिळाली. त्याच चिडक्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आणलंत. यासाठीच मी सगळं केलं होतं, ते झालं होतं, आणि खाटेशेजारी बसून मला काही केल्या बरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात बाई दिसल्या. दिराने सांगितलं असावं. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, आता सगळ्या बायांसमोर तोंडात मारतील, आणि मारावं असंही वाटलं. त्यांनी संत्री खाली ठेवली, पोरीकडे पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती. मग त्या माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या.

"वहिनी, मी भांडाले नाई आली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एक गोष्ट मनात सलून राह्यली, म्हणून आली. आमाले रिटायर झाल्यावर महिन्याभरात क्वार्टर खाली कराचं होतं. घुग्घुसले जागा नाई, भाडं परवडत नाई. तुमी भाव सांगतला तवा आमी रातभर जागे होतो, का तुमी दुसऱ्याले तं नाई देसान. तुमच्या दिराले घ्याचं होतं ना? आमाले त्याचं भेव होतं. भाव पाडाचं आमच्या मनातबी नाई आलं." मग म्हणाल्या, "आजार हाय म्हणून सांगतलं असतं, तं सोयरीक नसती झाली कदाचित. नाई झाली असती. पण घर तं आमी घेतलंच असतं वो. तेवढ्याच पैशात."

 श्रावणापासूनचे सगळे महिने, ती पावडर, बसमधला तो प्रवास, माझ्यासमोर उभे राहिले, आणि त्यातल्या कशाचीही गरज नव्हती.

बाईंनी पदराने डोळे पुसले. त्यांचा आवाज पहिल्यांदा वर चढला. "मंग पोरीले कायले हासवलं एवढे दिवस?"

खाटेवरून उत्तर आलं. तिने डोळे उघडले नव्हते.

"बाई, आईले नका बोलू," ती म्हणाली. "पहिले चार दिवस मी खरंच हासली."